आपा, तुझ्या चिजा पुसल्या गेल्या

अन्याय नसीमआपावर झाला. गेल्या शुक्रवारी, जुम्म्याची नमाज सुटून लोक जेवायला घरोघर निघाले होते त्या वेळी, रियाधच्या अल मलाझ भागातल्या तिच्याच बैठकीच्या खोलीत. तिला दफन करून आठवडाही झाला नव्हता. तिच्या की-बोर्डच्या मेमरीत तिने बसवलेली माणसं होती. ती सगळी एक बटण दाबून पुसली गेली.

बघ आपा. कोण, कधी, कुठे, काय, सगळं पहिल्याच परिच्छेदात. तू याचीच टिंगल करायचीस. दार उघडलंस की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काय गो पत्रकबाय, आज कोणाचा निषेध?" मी नाशिकला कॉलेजात असताना हॉस्टेलच्या मेसवर, बसपासवर, परीक्षा फीवर पत्रकं काढली आणि सुट्टीत रियाधला आले की ती तुला वाचून दाखवली. तू पूर्ण ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "बरी आहे. पण यातला माणूस कुठला?" आज तुझ्यासाठी लिहितेय. यात माणूस आहे. तूच आहेस, आणि तुला वाचून दाखवता येत नाही.

त्या शुक्रवारी मी तुझ्या स्वयंपाकघरात चहा ठेवला होता. तुझे बशीरभाई फायनल एक्झिटवर, म्हणजे सौदी कायमचं सोडून, निघाले आहेत, त्यांना रत्नागिरीला जायचंय, फ्लॅट रिकामा करून द्यायचाय. इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी सामान वाटायचं काम अंगावर घेतलं होतं. की-बोर्ड एका शाळेला द्यायचं ठरलं होतं. बाहेरून मोहितेकाकांनी हाक मारली. आपल्या मंडळाचे अध्यक्ष, तुला माहीत आहेत, वाचणाऱ्यांसाठी सांगितलं.

"तन्वी, ये, बघ. अगदी नव्यासारखा करून ठेवलाय. आत काय काय जुनं भरलेलं होतं. फॅक्टरी रीसेट मारला."

"काय होतं आत, काका?"

"काही नाही गं. ती दळवी, ती काझी, ती अमुक. मुलींची प्रॅक्टिस असणार, म्हटलं शाळेला कशाला कचऱ्यासकट द्यायचा?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद करायला गेले नाही.

आपा, "ती" म्हणजे मुली नव्हेत हे जगात दुसऱ्या कोणाला नसेल कळलं तरी या माणसाला कळायला हवं होतं. पण ते नंतर सांगते. आधी, ज्यांना तू माहीत नाहीस त्यांना ही "ती" कोण ते सांगायला हवं. तू असतीस तर म्हणाली असतीस, पुन्हा मुद्दे मांडायला लागलीस. हो, लागले.

तू रत्नागिरीच्या शाळेत असताना गोव्याच्या एका सिस्टरने तुला पियानोवर एक छोटा जुना फ्रेंच तुकडा शिकवला होता. अठराव्या शतकातला. त्याच्या डोक्यावर एका मुलीचं नाव होतं. तू विचारलंस, ही कोण? सिस्टर म्हणाली, असेल कोणी, आता कोणाला ठाऊक. ते तुझ्या डोक्यातून आयुष्यभर गेलं नाही. "अगो, नाव लिहून ठेवलंय, आणि ती कोण ते कोणालाच माहीत नाही. पण ती चालायची कशी ते मला कळतं. जिना उतरताना दोन पायऱ्या भरभर आणि तिसरीवर थांबायची. अडीचशे-तीनशे वर्षं झाली, बाय मरून गेली, थांबणं राहिलं." हे तू मला मी दहावीत असताना सांगितलंस, आणि मी म्हटलं, आपा, मॅथ्सचा पेपर आहे उद्या.

त्या काळचे फ्रेंच वादक असंच करायचे, हे मग तूच शोधून काढलंस. दरबारातल्या बायका, वकील, विद्यार्थिनी, मित्र, एखादा गर्विष्ठ उमराव, जो दिसेल त्याची चीज. चित्रकार रंगाने काढतो तशी हे बोटांनी काढायचे. नाव वर लिहायचे आणि पुढे एक शब्दही समजावून सांगायचे नाहीत. ज्याला ओळखायची त्याने ओळखावी. आणि त्यात एक गंमत होती, जी तुला फार आवडायची. चित्र पुरुषाचं असलं तरी नाव बाईचं असल्यासारखं लिहायचे, कारण त्यांच्या भाषेत चीज हा शब्दच बाई. "आपल्यात पण बाईच की," तू म्हणालीस. "ती चीज. तो चीज म्हणतं का कोण?" त्या दिवसापासून तुझ्या सगळ्या चिजांची नावं तशी पडली. ती दळवी. ती काझी. ती अबू फहद. माणूस कोणीही असो, मिशीवाला असो, चीज तीच.

अल मलाझच्या त्या तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत, हेडफोन लावून तू हे करत होतीस. तेव्हा इथे गाणंबजावणं चालत नसे, खालीवर ऐकू जाऊ नये म्हणून हेडफोन. आता याच शहरात स्टेडियमं भरून गाणी होतात, तरी तुझी सवय सुटली नव्हती. कधी कधी मला फक्त बटणांचा टकटक आवाज यायचा आणि तुझा चेहरा दिसायचा, आणि कळायचं की आत्ता कोणाची तरी नक्कल चाललीये.

आता मोहितेकाका. दिवाळीच्या कार्यक्रमात तू माइकवर सांगितलंस, "आता एक नवीन चीज. ती मोहिते." हॉल हशाने फुटला. काका पहिल्या रांगेतून उठले.

"मॅडम, ती नाही, ते. आदरार्थी."

"तुम्ही ते, काका. चीज ती. ती तुमची आहे, तुम्ही नाही."

"माझं म्हणणं, दोनच शब्द बोलतो..."

आणि तू वाजवायला लागलीस. पहिले दोनच सूर. थांबा. पुन्हा दोन सूर. मग ते दोन सूर निघाले ते निघालेच. आता संपेल म्हणेपर्यंत डावा हात नवा विषय काढतो, पुन्हा वळण, पुन्हा संपत आल्यासारखं, पुन्हा "आणखी एक मुद्दा". अख्खं मंडळ रडेपर्यंत हसलं. मी सगळ्यात जोरात. काकांचा चेहरा विटकरीसारखा झाला. पुढच्या वर्षी छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत तुझी चीज "वादनाचा कार्यक्रम" झाली. नावं गायब. का विचारलं तर म्हणे, गैरसमज टाळण्यासाठी. म्हणजे आपा, "ती" चा अर्थ या माणसाला भरसभेत समजावून दिला होतास. समजला नाही, की समजून विसरला, की तुझ्या खोलीत एकटा बसून पडद्यावर तीच "ती" पाहून त्याला काहीच आठवलं नाही? शुक्रवारपासून मी यावरच अडकलेय.

मला त्यांच्यावर पत्रक काढायचं होतं. मथळासुद्धा तयार होता. शनिवारी सकाळी लिहायला बसले आणि तू मध्ये आलीस.

त्या दिवाळीनंतर मी तुला विचारलं होतं, शेवटी तो डावा हात एकदम थांबतो, आणि उजवा नुसते ते दोन सूर पुन्हा पुन्हा म्हणतो, मध्ये जागा सोडून, ते काय आहे? तिथे पण लोक हसत होते, पण मला हसू आलं नाही. तू कांदा चिरत होतीस. म्हणालीस, "मोहितेवहिनी नाशकाला गेल्या कायमच्या. घरी ते बोलतात तेव्हा समोरून काय येतं?" आणि चिरत राहिलीस.

हाच आपला वाद. तो संपला नाही आणि आता संपणार नाही. मी म्हणायचे, आपा, तू माणसांना सोडून देतेस. जो चूक आहे त्याला चूक म्हण. तुझ्यात धमक आहे, कान आहे, सगळ्यांची बिंगं तुला माहीत आहेत आणि तू त्यांचे मुरक्यांचे दागिने घडवत बसतेस. तू की-बोर्डचं एक बटण दाबायचीस, आवाज हार्पसिकॉर्डचा, त्या फ्रेंच लोकांच्या वाद्याचा, करायचीस आणि मला पुढे ढकलायचीस. "हां, आता रागाने वाजव."

मी दणादण दाबायचे. आवाज तेवढाच. हळू दाबलं, तेवढाच. त्या वाद्यात नखीने तार छेडली जाते, तुम्ही कितीही आपटा, तार आपल्याच मापाने वाजते.

"कळलं? मोठा आवाजच नाही यात. त्या लोकांकडे एवढंच होतं. मग त्यांनी राग कसा दाखवला? एखादा सूर उशिरा टाकून. एखादी मुरकी नको तिथे घेऊन. तू सगळं मोठ्याने लिहितेस, तन्वी. मोठा आवाज काढून घेतला तर तुझ्याकडे काय राहतं?"

"निषेध राहतो."

"मग उशिरा टाक एखादा सूर."

मी चिडून गेले की तू खिडकीतून हाक मारायचीस, "डबा राहिला गो," आणि मला डब्यासाठी परत वर यावं लागायचं. आंबोळ्या असायच्या, किंवा सांदणं. वाद तिथे थांबायचा, मिटायचा नाही. मला वाटायचं, पुढच्या वेळी जिंकेन. माझ्याकडे उत्तरं तयार होती आपा. अजून आहेत. तुझ्या त्या दयाळूपणामुळेच लोकांना वाटलं की तुझं काम म्हणजे घरगुती करमणूक, कोणीही उचलून पुसावी अशी. हे मला तुला तोंडावर सांगायचं होतं. तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत नाही. 

शोकसभेत तुला "मनमिळाऊ" म्हणाले. "सदैव हसतमुख." "कधी कोणाला दुखावलं नाही." आपा, तू अर्ध्या मंडळाला दुखावलंस! ती दळवी ऐकून दळवीबाई सहा महिने बोलत नव्हत्या, कारण त्यात प्रत्येक सूर घेतल्यावर मागे वळून, कोणी बघतंय का ते पाहणं होतं. जी बाई तीन मिनिटांत माणूस जसाच्या तसा उभा करायची तिच्यावर चार माणसं बोलली, आणि चौघांनी मिळून जी बाई उभी केली ती कोणाचीही असती. बशीरभाई मान खाली घालून ऐकत होते. मध्येच माझ्याकडे बघून पुटपुटले, "ये किसकी बात कर रहे हैं?"

तुला नेलं तेव्हा आम्ही बायका घरीच होतो. पुरुष मस्जिदीतून कब्रस्तानात गेले. मी तुझ्या खोलीत की-बोर्डपाशी बसले होते. खुर्चीवर तुझा दुपट्टा होता. की-बोर्ड चालू करायचं माझ्या मनात आलं, मग वाटलं, आज नको, चाळिसाव्यापर्यंत तरी हात लावायला नको, घरात मौत झालीये. मला वाटलं, आत सगळे आहेतच, जातात कुठे.

माझी चीज आत नव्हती. तू केलीच नाहीस. मी कितीदा मागितली. सगळ्यांची करतेस, माझी का नाही? "तू बसत नाहीस गो," म्हणायचीस. "माणूस बसला तर चीज बसते. तू दारातून आत यायच्या आधी निघालेली असतेस." मला वाटायचं टाळतेस. आता वाटतं, तू वाट बघत होतीस. कशाची ते सांगितलं असतंस तर बसले असते. खरंच बसले असते, आपा. तास तास बसले असते.

रविवारी मी मोहितेकाकांकडे गेले. तू मध्ये आलीस तरी पत्रक पुरं केलं होतं, ते छापून पर्समध्ये घेऊन गेले होते. त्यांनी दार उघडलं, बनियनवर, हातात उलथनं. आत भाजी लागल्याचा वास. मी उभ्याउभ्याच सगळं बोलले. काय पुसलंत, कोणाचं पुसलंत, किती वर्षांचं. ती मुलींची प्रॅक्टिस नव्हती. त्यात तुम्ही होता, काका. तुम्ही स्वतःला पुसलंत.

ते एकदाही मध्ये बोलले नाहीत.  मग ते आत गेले, गॅस बारीक केला, फोन घेऊन आले, चष्मा शोधला.

"माझी ती आहे माझ्याकडे," म्हणाले. "मागून घेतली होती मॅडमकडून. नंतर. कोणाला सांगू नका म्हटलं होतं."

त्यांनी लावली. फोनच्या त्या फुटक्या स्पीकरवर तुझी बोटं, दोन सूर, थांबा, दोन सूर. शेवटी डावा हात थांबला तेव्हा त्यांनी फोन कानाजवळ नेला, त्यांना ऐकू कमी येतं.

"स्वयंपाक करताना लावतो," ते म्हणाले. "बाकीच्या आत आहेत हे मला खरंच... मला वाटलं, मॅडमनी ज्याची त्याला दिली असेल. आत कशाला ठेवतील?"

मी पत्रक पर्समधून काढलं नाही. पण आपा, मी त्यांना माफही केलेलं नाही. चूक झाली असं म्हणून पुसलेलं परत येत नाही. ज्या घरात माणूस गेलाय तिथे आठवडाभरात नव्यासारखं करण्याची ही जी आपल्या लोकांची घाई आहे, फायनल एक्झिट म्हणजे माणूसच खलास, सामान वाटा, भिंती पुसा, किल्ली द्या, त्या घाईचा मी निषेध करते. इथे मोठ्या आवाजात करते. उशिरा टाकलेला सूर वगैरे मला अजून जमत नाही.

आणि मग सोमवारी अबू फहद आला, किल्ल्या घ्यायला.

वाचणाऱ्यांसाठी, अबू फहद घरमालक. गुडघ्याने अधू, प्रत्येक मजल्यावर थांबणारा, भाडं न मागता आधी तब्येत विचारणारा म्हातारा. तू त्याची चीज केलीस तेव्हा बशीरभाई घाबरले होते, मालक आहे, वाईट वाटलं तर? तू त्याला बसवलंस, कहवा दिलास, हेडफोनची वायर काढलीस आणि वाजवलीस. जिना, थांबा, जिना, किल्ल्यांचा झणझणाट, पुन्हा थांबा, आणि प्रत्येक थांब्यावर तोच तो सूर, जरा जास्त दमलेला. संपल्यावर त्याने कहव्याचा पेला खाली ठेवला. मग आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये मैं नहीं. ये मेरा बाप." तू त्यावर एवढी खूश झालीस की दिवसभर तेच सांगत होतीस. "बापापर्यंत गेली गो! माझी चीज बापापर्यंत गेली!" त्यानंतर तो भाड्याला आला की आधी ती ऐकायचा. त्याने कधी फोनवर मागितली नाही. वर येऊनच ऐकायची हे त्याचं ठरलेलं होतं.

सोमवारी तो वर आला, प्रत्येक मजल्यावर थांबत. रिकामी खोली पाहिली. की-बोर्ड होता ती भिंत पाहिली, तिथे चौकोनी धुळीची रेघ होती. बशीरभाईंना त्याने मिठी मारली. मग मला विचारलं, "बिंती, बेटी, मेरा बाप किधर है?"

 माझ्याऐवजी बशीरभाईंनीच अरबीत काहीतरी सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली, किल्ल्या घेतल्या, आणि त्या वाजू नयेत म्हणून मुठीत आवळून धरून खाली गेला. त्याची चीज कोणाच्याही फोनमध्ये नाही. ती गेली, आपा. मी रोज आठवून बघते. जिना येतो, किल्ल्या येतात, तो दमलेला सूर मला सापडत नाही. तुझे दागिने माझ्या बोटांत नाहीत. तू मला शिकवत होतीस तेव्हा मी वाद घालत होते.

एवढ्या वर्षांत तू मला फुकट कान दिलास. पत्रकात माणूस कुठला हे विचारायला शिकवलंस. माझ्या वडिलांची नोकरी रास अल खैरला, ते महिन्यातून दोनदा घरी यायचे, आई दवाखान्यात ड्युटीवर असायची, आणि मी शाळेतून थेट तुझ्याकडे जेवायला. याचे आभार मी कधी मानले नाहीत कारण तुझ्याशी आभाराच्या भाषेत बोलायची पद्धतच नव्हती. आता मानते, तर ऐकायला तू नाहीस, हे किती मूर्खासारखं आहे.

आता तुम्ही. हे वाचणारे. रियाधमध्ये असाल, जुबैलला, हुफूफला, किंवा फायनल एक्झिट घेऊन केव्हाच रत्नागिरी, नाशिक, पुण्याला पोहोचला असाल. नसीमआपाने तुमची चीज केली असेल तर ती तुमच्या जुन्या फोनमध्ये पडलेली असेल. फोन शोधा. चार्ज करा. ती जशी आहे तशी, "ती" सकट, ज्या ग्रुपवर हे वाचताय तिथे टाका. नाव सुधारू नका. आणि तुम्हाला राग आला होता म्हणून तुम्ही ती तेव्हाच डिलीट केली असेल, तर तुम्हीच मला सगळ्यात जास्त हवे आहात. कारण ज्या सुरावर तुमचं डोकं फिरलं तो सूर तुम्ही विसरलेला नाहीत. तेवढाच गुणगुणा, रेकॉर्ड करा, पाठवा. सुरात नसला तरी चालेल. आज पाठवा.